अक्कलकोट गाडीच्या खिडकीतून आलेलं बाळ

सोलापूरहून आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? भुईकोट किल्ला पाहिलात का, तळं पाहिलंत का, चादरी आणल्यात का? मी सगळ्यांना एकच सांगते, यातलं काही धड पाहिलं नाही. मी एका एसटीत बसले, आणि त्या एसटीत जे पाहिलं त्यातून अजून सावरलेले नाही. माझी बहीण म्हणते, तू तिखटमीठ लावून सांगतेस. म्हणून आता लिहूनच काढते. लिहिताना निदान कोणी मध्ये तोंड घालणार नाही.

मी रत्नागिरीची. जन्म तिथला, शाळेतली नोकरी तिथली, आता निवृत्तीही तिथेच. एसटी मला काही नवी नाही. पण आमच्याकडे गाडीला रांग लागते. रांगेत कोणी घुसलं तर चार माणसं अगदी सभ्य शब्दांत त्याचा असा पाणउतारा करतात की तो आपणहून मागे जातो. गाडीत बसलं की माणूस डोंगराकडे बघतो आणि गप्प राहतो. शेजारच्याचं नावगाव विचारायची पद्धत नाही, मग त्याचं मूल मांडीवर घेणं तर फारच लांब राहिलं. हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जी चिडले ती का चिडले ते कळावं.

भवानी पेठ

महादेवी माझी बी.एड.ची मैत्रीण. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या अगदी शिवेला तिचं शेत आहे. दरवर्षी तिचा फोन यायचा, 'वेळा अमावस्येला ये की गं, एकदा तरी ये.' इथले लोक येळवस म्हणतात तिला. त्या दिवशी म्हणे सगळा जिल्हा शेतात जेवतो, शहरात दुकानंसुद्धा उघडत नाहीत. मला ते खरं वाटायचं नाही. या वर्षी गुडघे बरे होते, तेव्हा म्हटलं, चला.

आदल्या रात्री सोलापुरात भवानी पेठेत महादेवीच्या बहिणीकडे मुक्काम होता. शेजारी यंत्रमाग. त्याचा खडखडाट भिंतीतून येतो आणि घरातली माणसं त्यावर आवाज चढवून बोलतात. घरात कानडी, शेजारणीशी मराठी, आणि शेजारीण आपल्या मुलाला हाक मारते ती तेलुगूत. जेवायला बसले तर ताटात भाकरी आली ती पापडासारखी कडक. मला वाटलं शिळी आहे, पाहुणीला कशी वाढली? मी ती हळूच ताटाखाली सरकवली. महादेवीच्या बहिणीने पाहिलं आणि हसत हसत म्हणाली, 'अहो, ती तशीच असती. महिना महिना टिकती. शेंगाच्या चटणीसंगट खावा की.' खाल्ली. चटणीवर तेल घेऊन खाल्ली तेव्हा कळलं की आपण आयुष्यभर मऊ भाताच्या नादाला लागून काय गमावलं. चार भाकऱ्या बांधून घेतल्या.

स्टँड

सकाळी स्टँडवर गेले आणि हबकलेच. रांग सोडाच, रांग कुठून सुरू होईल तेही कळत नव्हतं. बायांच्या डोक्यावर मडकी, पुरुषांच्या खांद्यावर घोंगड्या, मुलांच्या अंगावर नवे कपडे. मडक्यांत अंबील, म्हणजे ताकातली आंबट कण्यांची पेज. शिवाय भाज्या आणि कडधान्यं एकत्र शिजवलेली भज्जी, आणि बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे. सगळ्या स्टँडला आंबट ताकाचा आणि लसणीचा वास. गाडी वळणावर दिसली की अख्खी गर्दी तिच्याबरोबर पळायची. ती थांबायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत जायच्या. ज्याचा रुमाल त्याची जागा. यावर कोणी हरकत घेत नव्हतं.

मी अक्कलकोटच्या गाडीत चढले असं म्हणता येणार नाही. मला चढवलं. मागून रेटा आला आणि मी आत पोचले, ती एका खिडकीजवळच्या रिकाम्या जागेवरच. जागेवर निळा रुमाल होता. मी तो उचलून ज्याचा असेल त्याला चार शब्द सुनवायच्या तयारीत उभी राहिले. पाठोपाठ कपाळावर विभूती लावलेले एक म्हातारेबाबा आले.

'रुमाल माजाच हाय,' ते म्हणाले. 'पन बसा अक्का. खिडकी तुमाला. मी हितं टेकतो.'

माझे चारही शब्द घशात राहिले. बाबांचं नाव इरप्पा. गाडी हलायच्या आधी त्यांनी माझं नाव, गाव, नवरा कधी वारला आणि रत्नागिरीत ज्वारी पिकते का, एवढं सगळं विचारून घेतलं.

आमच्या गाडीला अगदी खेटून होटगीकडे जाणारी दुसरी गाडी लागली. दोन गाड्यांच्या मधल्या बोळात माणसं दाटली. मी खिडकीतून खाली बघत होते, तेवढ्यात त्या बोळातून दोन हात वर आले आणि माझ्या मांडीवर एक बाळ ठेवून गेले.

पिशवी नाही, रुमाल नाही, बाळ. चार-पाच महिन्यांची मुलगी. डोक्याला टोपडं, गालाला तीट, हातात काळे मणी. खालून बाईचा आवाज आला, 'धरा वो मावशी, आलेच.' हिरवी साडी दिसली न दिसली, आणि ती गर्दीत गेली.

 माझा चेहरासुद्धा न बघता एका बाईने आपलं पोटचं पोर माझ्याकडे दिलं होतं. मी चोर असते तर? वेडी असते तर? मी इरप्पांकडे वळले. म्हटलं, 'अहो, हे काय आहे?'

'लेकरू हाय की,' ते म्हणाले.

'ते दिसतंय मला. ही काय पद्धत झाली?'

'गर्दीत चेंगरतंय न्हवं. बसल्याल्या मानसाकडं द्यायचं, मग आपन चढायचं. आमी बी तसंच मोठे झालो.'

गाडी हलली. मी मान वळवून वळवून बघत होते. गाडी इतकी ठासून भरली होती की चौथ्या बाकापलीकडचं काही दिसत नव्हतं. मी शाळेतला आवाज काढून विचारलं, 'या बाळाची आई कुठे आहे?' कोणीतरी म्हणालं, 'असंल की मागं.' मागून कोणीतरी म्हणालं, 'म्होरं असंल.' आणि सगळे आपापल्या बोलण्याला लागले. मला त्या माणसांचा असा राग आला की काय सांगू. आमच्याकडे गाडीत छत्री राहिली तरी याहून जास्त चौकशी होते.

रस्ता

शहर संपलं. दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्ये मध्ये तुरीचे पट्टे. आमच्याकडे नजर टाकली की चार हातांवर डोंगर आडवा येतो. इथे नजर जातच राहते. एरवी मी हे सगळं मन लावून पाहिलं असतं. पण बाळ जागं झालं होतं आणि तोंड वाकडं करत होतं.

कंडक्टर बाई होती. ठेंगणी, खांद्याला तिकिटाचं मशीन, गर्दीतून बाजूबाजूने सरकत येणारी. नाव सुनंदा, गाडीतले निम्मे लोक तिला नावानेच हाक मारत होते. ती तिकिटं काढत माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मी आधी बाळाचं सांगितलं. ती म्हणाली, 'मागं हिरव्या साडीतलं कुनी लेकुरवाळं न्हाय मावशी. मी आत्ता तिकडनंच आले.' मग तिने पुढे विचारलं. पुढेही नव्हती.

आता मात्र सगळे वळून माझ्या मांडीकडे बघायला लागले.  आई गाडीतच नव्हती. माझ्या मांडीवर कोणाचं तरी मूल होतं, आणि गाडी त्याला त्याच्या आईपासून लांब लांब नेत होती.

'गाडी थांबवा,' मी म्हटलं. 'पुढच्या पोलीस चौकीत हे मूल ताब्यात द्यायचं. पंचनामा होईल, रीतसर काय ते होईल.'

सगळ्या गाडीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू धक्का मला नाही, त्यांना बसला होता. पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी तर चक्क कपाळाला हात लावून बसली.

सुनंदा माझ्या कानाशी वाकली. 'मावशी, शांत व्हा. लेकरू पोलिसात गेलं की त्याच्या बापाला फोन जानार, सासऱ्याला जानार. आजच्या दिशी समदी भावकी शेतात गोळा हुती. त्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल, गाडीत लेकरू हरवल्याली बाई म्हनून. माय सापडंल. जरा थांबा की.'

'आणि नाही सापडली तर?'

'तर मी स्वता तुमच्यासंगट चौकीत येते.'

 माझं म्हणणं अजूनही तेच आहे, की नियम असतात ते काहीतरी कारणाने असतात. पण त्या वेळी मला एकदम शेजारची होटगीची गाडी आठवली. मी म्हटलं, 'अहो, ती बोळात उभी होती. त्या गाडीचं दार बोळातच उघडत होतं. ती त्या गाडीत तर नाही ना चढली?'

सुनंदाने फोन काढला, तर तो तिच्या हातातच वाजला. होटगीच्या गाडीचा कंडक्टर. त्याचा आवाज मलाही ऐकू आला, 'सुनंदाताई, तुमच्या गाडीत एक लेकरू हाय का? हितं एक पोरगी रडून रडून अर्धी झालीया.'

झालं होतं ते असं. गर्दीच्या रेट्यात ती पोरगी वळली आणि आमच्या गाडीऐवजी होटगीच्या गाडीच्या दारात ढकलली गेली. आत चढल्यावर पुढे सरकता येईना. तिला वाटलं, लेकरू इथेच कुठल्या तरी खिडकीपाशी आहे, कोणाच्या तरी मांडीवर. ती एकेका बाकाला विचारत विचारत गेली आणि शेवटच्या बाकापर्यंत लेकरू नव्हतं.

ड्रायव्हरने वळसंगच्या अलीकडच्या एका फाट्यावर गाडी चिंचेखाली घेतली आणि बंद केली. सुनंदा मोठ्याने म्हणाली, 'लेकराची माय येतीया, तिकडचा कंडक्टर मिळंल त्या गाडीवर धाडतोय. तवर गाडी हलनार न्हाय.' मला वाटलं आता दंगा होणार. सगळ्यांना सणाला पोचायचं होतं, देवाला नैवेद्य दाखवायचा होता. आमच्याकडे अशा वेळी निम्मे लोक घड्याळ बघतात आणि उरलेले तक्रार कुठे करायची ते विचारतात. इथे माणसं खाली उतरली आणि सावलीला बसली. कोणी चकार शब्द काढला नाही. हे पाहून मी आधीच्यापेक्षा जास्त चक्रावले.

बाळाने मात्र आता टाहो फोडला होता. मी तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, बोट चोखायला दिलं, कोकणातली सगळी अंगाईगीतं म्हणून पाहिली. तिला दूध हवं होतं आणि माझ्याकडे चार कडक भाकऱ्या होत्या. मागच्या बाकावर बुरख्यातली एक तरुण मुलगी आपल्या तान्ह्याला घेऊन बसली होती. तिने आपलं मूल शेजारणीकडे दिलं आणि माझ्यापुढे हात केले.

'लाव इदर,' ती म्हणाली. 'भूक लगी उसकू.'

तिने बाळाला बुरख्याच्या आत घेतलं. दोन मिनिटांत रडणं थांबलं. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. ना जात विचारली, ना कोणाचं मूल ते विचारलं, ना कोणी चमकून पाहिलं. इरप्पांनी तेवढी आपली घोंगडी खिडकीला लावून आडोसा केला आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं.

सगळ्यांच्या मडक्यांत अंबील होती, भज्जी होती, पण कोणी झाकण उघडलं नाही. शेतात देवाला दाखवायच्या आधी त्यातलं खात नाहीत. गाडीभर जेवण आणि गाडीभर माणसं उपाशी. मग मी माझ्या कडक भाकऱ्या सोडल्या. तुकडे मोडून फिरवले. मला हसू आलं, की सोलापूरकरांना कडक भाकरी मी रत्नागिरीची बाई वाढतेय. दुपारी महादेवीच्या शेतात पोटाला तडस लागेपर्यंत जेवले, पण खरं सांगते, तो फाट्यावरचा तुकडा जास्त लक्षात आहे.

आणि मग धुरळा दिसला. आडव्या रस्त्याने एक दूधवाला मोटारसायकलवर येत होता. दोन्ही बाजूंना किटल्या, आणि मागे किटल्यांच्या कड्या धरून बसलेली हिरव्या साडीतली पोरगी. वय असेल वीस-बावीस. मोटारसायकल नीट थांबायच्या आत तिने उडी टाकली. चप्पल एका पायात होती. आत आली, बाळाला घेतलं आणि मटकन खाली, बाकांच्या मधल्या जागेतच बसली.  बाळाचे पाय चाचपून बघत होती, हात बघत होती, परत पाय बघत होती.

'पी ली है बच्ची,' बुरख्यातली मुलगी म्हणाली. 'फिकर नक्को करो.'

मी या क्षणासाठी केव्हाची तयारी करून बसले होते. असं बोलणार होते की या पोरीला पुन्हा कधी कोणाच्या खिडकीत मूल द्यायची हिंमत झाली नसती. पण तिच्याकडे बघून मी नुसती खिडकीकडे सरकले. इरप्पा उठले, ती माझ्याशेजारी बसली, गाडी सुरू झाली.

वळसंग मागे पडल्यावर ती बोलायला लागली. नाव अंबिका. माहेर सोलापुरातलंच. भाऊ तिला स्टँडवर सोडून मागावर कामाला गेला होता. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच सासरी निघाली होती. सासू फोनवर म्हणाली होती, एकटी येऊ नगंस, तुला लेकरू संभाळता यायचं न्हाय, मीच येते आणायला.

'मीच हट्ट केला मावशी. म्हनलं, माजं लेकरू हाय, मी आनीन. आता त्यांस्नी कळलं तर लेकराला हात लावू द्यायच्या न्हाईत मला. लेकरू त्यांच्याकडं आन मी चुलीकडं. जाऊबाईचं तसंच केलंय त्यांनी.'

मी म्हटलं, 'अगं, कळेल कसं?' ती गाडीभर नजर फिरवून म्हणाली, 'हितं समद्यांनी बघितलंय की.'

फाटा

तिचा फाटा आला. लिंबाखाली सासू उभी होती. उंच, ताठ, हातभर हिरवा चुडा. अंबिका बाळाला घेऊन उतरली, सुनंदाने पिशवी खाली दिली. सासूने आधी बाळ घेतलं. टोपडं काढून पाहिलं, पोट चाचपलं, मग सुनेच्या पायांकडे पाहिलं. एकाच पायात चप्पल.

'चप्पल कुटं गेली?'

'गर्दीत गेली,' अंबिका म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला खिडकीत जेमतेम ऐकू आला.

सासूला काहीतरी खटकलं होतं. तिने गाडीकडे पाहिलं. दारात सुनंदा होती, पण सासूची नजर खिडकीवर, माझ्यावर थांबली. माझे पिकलेले केस, चष्मा, इस्त्रीची साडी. कोणीही म्हणेल, ही बाई खोटं बोलायची नाही. आणि खरंच, शाळेत मी खोटं बोलणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभी करायची.

'तुमी शेजारी बसला होता न्हवं?' तिने विचारलं. 'हिनं लेकरू नीट धरलं होतं का वाटंत?'

 ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं. माझ्या मागे अख्खी गाडी खिडक्यांकडे वाकली होती आणि अंबिका जमिनीकडे बघत होती.

'सोलापूरपासून क्षणभर खाली ठेवलं नाही हो तिने,' मी म्हटलं. 'मी चार वेळा म्हटलं, दे जरा माझ्याकडे, तुझे हात भरून आले असतील. पण देईल तर शपथ. तुमची नात आहे, कोणाच्या हातात देणार नाही म्हणाली. चप्पल गेली तरी वाकली नाही.'

माझा आवाज अगदी खणखणीत लागला. एवढं सगळं मला सुचलं कुठून, हे मला आजही कळलेलं नाही. मागून इरप्पा म्हणाले, 'व्हय, व्हय, आमी बघितलं की.' आणि चार-पाच बाया एकदम म्हणाल्या, 'लई जपलं बाई पोरीनं.'

सासूने सुनेच्या अनवाणी पायाकडे पुन्हा पाहिलं. मग तिने पायातल्या आपल्या चपला काढल्या आणि सुनेपुढे ठेवल्या. बाळाला टोपडं घातलं, आणि ते परत सुनेच्या हातात दिलं.

'धर,' ती म्हणाली. 'शेतापत्तूर तूच आन. कुनी बी मागितलं तरी तूच धर.'

सुनंदाने दोनदा घंटी वाजवली. गाडी निघाली तेव्हा सासू पिशवी डोक्यावर घेऊन अनवाणी पुढे चालत होती, आणि तिच्या मागे, तिच्या चपला घालून, बाळाला दोन्ही हातांनी धरून अंबिका.